धुरपीच्या तळ्याची वाट

कुरणवाडीहून सकाळी निघाले की दुपारच्या आत धुरपीच्या तळ्यावर पोहोचता येते. वाट देखणी आहे. आधी साग आणि मोह, मग उघडे पठार, आणि पठाराच्या कुशीत निळे पाणी. पण सातपुड्याचा हा भाग अस्वलांचा. म्हणून वाटाड्या गणूजी पायथ्याशी घुंगरांची काठी काढतो आणि पाहुण्यांत सर्वांत वयस्कर कोण, ते विचारतो. काठी त्यांनी घ्यायची, पुढे त्यांनीच चालायचे. का, ते तो चढताना सांगतो.

फार पूर्वी, असे सांगतात, ओळीने दोन पावसाळे कोरडे गेले. विहिरींत चिखल उरला. बसलेली गुरे उठेनात. डोंगरावर तळे आहे असे सगळेच म्हणत, पण पाहिलेले कोणी नव्हते. गावच्या सात जाणत्यांनी जाऊन बघायचे ठरवले. पुढे सवाशीण चालली तर देवी वाट देते, हेही त्यांनीच ठरवले. त्यांच्यातल्याच कारभारी हिरोजीने आपल्या सुनेचे, धुरपीचे नाव घेतले. तिचा नवरा परगावी मजुरीला गेला होता.

धुरपीच्या कडेवर तिची दोन वर्षांची लेक चिमी होती. धुरपी म्हणाली, "मामंजी, अस्वलाला सवाशीण ओळखू येते का?"

"जीभ बघा हिची!" एक म्हातारा हसला. "अस्वलच पळेल हिला बघून."

चिमीला सासूकडे देऊन ती निघाली. डोक्यावर रिकामी घागर, हातात घुंगरांची काठी. कुऱ्हाडी मागच्या सातांकडे. घुंगरे वाजतील तोवर वाट मोकळी समजायची, असे ठरले होते. सातजण बरेच मागे राहून कान देत होते.

शेवटच्या चढावर तिला पाणी दिसले. काठावर अस्वलाची मादी होती, पाठीवर दोन पिल्ले. धुरपीने घुंगरे मुठीत आवळली आणि ती श्वास रोखून उभी राहिली. मादी तिच्याकडे बघत राहिली. खूप वेळाने ती वळून रानात गेली. धुरपीने घागर भरली आणि हाका मारल्या, "या हो, पाणी आहे!"

मागे कोणीच नव्हते.

ती गावात उतरली तेव्हा दिवस कलला होता. वेशीबाहेर गवताची एक बाहुली जळत होती. बाहुलीला धुरपीचे लुगडे नेसवले होते. अस्वलाने तिला डोळ्यांदेखत फाडले, आम्ही कुऱ्हाडी घेऊन झुंजलो, असे सातांनी गावाला सांगितले होते.

"मामंजी, मी जिवंत आहे."

हिरोजीने तिच्याकडे पाहिले नाही. "सुनेचं क्रियाकर्म झालंय. मेलेलं माणूस घरात घेत नाहीत."

चिमी आईकडे धावली. सासूने तिला आत ओढून दार लावले. भरलेली घागर आणि काठी मात्र गावाने ठेवून घेतली.

धुरपी तळ्यावर परतली. त्यानंतर, म्हणे, ती मादी वाट अडवून बसू लागली. गावाने तरण्या पोरांना पुढे घालून पाहिले. दरवेळी माघारी पळावे लागले. वरून धुरपीचा आवाज येई, "मामंजींनी पुढे यावं. आणि माझ्या चिमीला आणावं."

गुरे मरू लागली तेव्हा हिरोजीने काठी धरली. पावलोपावली घुंगरे वाजवीत तो चढला. "चिमी मागून येतेय," त्याने ओरडून सांगितले. धुरपीने विश्वास ठेवला. मादी बाजूला झाली. गुरे पाणी प्याली, गाव जगले. शेवटचा माणूस वर येईपर्यंत धुरपी वाटेकडे बघत उभी होती. चिमीला कोणी आणलेच नव्हते.

पुढे धुरपी कोणाला दिसली नाही.

आजही तळ्यावरच्या जत्रेच्या दिवशी काठी धरतो तो हिरोजीच्याच वंशातला म्हातारा. ती धुरपीने घातलेली अट होती, आता तो घराण्याचा मान आहे, फेटा बांधून मिरवण्याचा. तळ्यावर धुरपीची खणानारळाने ओटी भरतात. फक्त लहान मुलींना वर नेत नाहीत. धुरपी पोरी ओढून नेते, असे म्हातारे सांगतात.