भैरूनं गाडी हलकी केली

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक भोळा माणूस राहायचा. त्याचं नाव भैरू. दौलतअण्णांच्या गॅरेजात तो कामाला होता आणि अण्णांच्या लेकीवर, वैजूवर, त्याचा जीव होता. वैजूचाही त्याच्यावर होता. अण्णांचा मात्र विश्वास नव्हता.

एकदा शहरातले एक साहेब लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. चढाला गाडी जड वाटते, दम कमी पडतो, अशी त्यांची तक्रार. अण्णांनी इंजिन तपासलं. ठणठणीत होतं. मग त्यांनी लॅपटॉप जोडून ॲक्सिलरेटरच्या पॅडलचं सेटिंग तेवढं बदललं.

"दम वाढला?" भैरूनं विचारलं.

"काडीभरही नाही. आधी पाय निम्मा दाबल्यावर जे मिळायचं, ते आता नुसता टेकवला की मिळेल. गाडी उसळली की साहेबांना वाटणार, दम वाढला."

टेकवलं की उसळलं पाहिजे. भैरूनं मनात पक्कं केलं.

साहेब रविवारी गाडी न्यायला येणार होते. तोवर घोटाळा केला नाहीस तर वैजू तुझी, असं अण्णांनी सांगून टाकलं.

"दोनच दिवस आहेत," वैजू म्हणाली. "काही करू नकोस. नुसता उभा राहा."

पण शुक्रवारी अण्णांच्या आईला दवाखान्यात न्यायचं निघालं. भैरूनं मोपेडची केबल चांगली ताणून घेतली. आजी मागे बसल्या. भैरूनं मूठ जराशी फिरवली. मोपेड उसळली ती थेट मारुतीच्या देवळापाशी थांबली. आजी दारातच राहिल्या, मांडीवर पिशवी घेऊन मातीत बसलेल्या. त्यांना वाटलं, पोचलो. त्या डॉक्टरांना हाका मारू लागल्या.

अण्णांनी भैरूला फैलावर घेतलं. जिवंत ओझं असलं की एकदम झटका द्यायचा नाही, दाब हळूहळू वाढवायचा, थोडा थोडा, असं त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

शनिवारी अण्णा धार काढायला गेले आणि म्हैस त्यांच्या पायावर उभी राहिली. अण्णांनी बोंब ठोकली. भैरू धावत आला. त्यानं म्हशीच्या पुठ्ठ्यावर एक बोट ठेवलं. थोड्या वेळानं दुसरं ठेवलं.

"काय करतोयस रे?"

"दाब वाढवतोय, अण्णा. थोडा थोडा."

चौथ्या बोटाला म्हशीला गुदगुल्या झाल्या आणि तिनं दुसराही पाय अण्णांवर ठेवला. शेवटी वैजूनं तिला ओढून काढलं.

"गाढवा, जे जड आहे ते आधी बाजूला करायचं," अण्णा कण्हत म्हणाले. "मग बाकीचं."

रविवारी अण्णांचा पाय भोपळ्याएवढा सुजला होता. ते खाटेवर पडून राहिले. गाडी पुसायचं काम भैरूकडे आलं. सकाळभर तो गाडीपाशीच होता. मधेच साखळीचा खडखडाट ऐकू आला, पण कण्हण्याच्या नादात अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

साहेब आले. घाट उतरून एक चक्कर मारून येतो म्हणाले. गाडी उताराच्या तोंडाशीच उभी होती. त्यांनी पॅडलवर पाय टेकवला. भैरूनं मागून हलकेच हात लावला. गाडी सुळकन निघाली.

"वा, मिस्त्री," साहेब काचेतून ओरडले. "काय दम वाढवलाय. आणि आवाज म्हणून नाही."

पहिल्या वळणाआड गाडी दिसेनाशी झाली. अण्णांचे डोळे भरून आले. लंगडत बाहेर येऊन त्यांनी भैरूच्या पाठीवर थाप मारली, वैजूला साखर आणायला पाठवलं आणि जावईबापू, एवढं केलंत तरी काय, असं कौतुकानं विचारलं.

भैरूनं त्यांना लिंबाखाली नेलं आणि ताडपत्री उचलली. खाली इंजिन होतं, स्वच्छ पुसलेलं.

"जड होतं, म्हणून आधी बाजूला काढलं," भैरू म्हणाला. "घाट चढून परत आले की देऊ त्यांना."