ताईला आणायला मंदाकिनी आभाळात गेली

घेतलीत पांघरुणं? मग ऐका. एक होता राजा, त्याचं नाव सोमकेतू. त्याचं राज्य समुद्राच्या काठावर. राजाला दोन मुली. थोरली सुलक्षणा, धाकटी मंदाकिनी. राजाच्या मुली म्हटल्या की तुम्हाला वाटेल, बसल्या असतील झोपाळ्यावर. छे! दोघी यान चालवायच्या. ढगांच्याही वर जाणारं यान, बरं का.

राजानं आभाळात एक घर बांधलं होतं. ते पृथ्वीभोवती गरगर फिरायचं. सुलक्षणा तिथं राहायची. वरून तिला सगळा समुद्र दिसायचा. कुठं वादळ उठलं की ती लगेच खाली सांगायची, मग कोळी आपल्या होड्या काठाला आणायचे.

एकदा काय झालं, आभाळातून एक खडा आला. हरभऱ्याएवढा. पण आला तो बंदुकीच्या गोळीपेक्षाही जोरात, आणि घराला लावून ठेवलेल्या सुलक्षणाच्या यानाच्या बुडाला भोक पाडून गेला. घर शाबूत राहिलं, यान मात्र कामातून गेलं. कारण परत येताना यान हवेत घुसतं ना, तेव्हा बुडाशी आगीचा डोंब उसळतो. तिथं जाड कवच असतं, म्हणून आतली माणसं वाचतात. आता कवचालाच भोक, मग यायचं कसं? आणि वर खाण्यापिण्याचं थोडंच उरलेलं.

राजाच्या घशाखाली घास उतरेना. मंदाकिनी म्हणाली, "बाबा, मी जाते. ताईला घेऊन येते."

राजा म्हणाला, "एक वर अडकलीय. आता दुसरीलाही पाठवू?"

"मी अडकायला नाही, आणायला जातेय," मंदाकिनी म्हणाली. "जायची वाट मला पाठ आहे. यायची तर त्याहून पाठ आहे."

मग किनाऱ्यावर अग्निबाण उभा केला. ताडाच्या झाडावर ताडाचं झाड ठेवत जावं, इतका उंच. टोकावर छोटंसं यान. यानात दोन खुर्च्या. एकीत मंदाकिनी, दुसरी रिकामी. कुणासाठी? बरोब्बर!

पहिल्या दिवशी वारा सुटला. मंदाकिनी म्हणाली, "आज नाही." दुसऱ्या दिवशी वारा पडला, पण इंधनाची नळी ठिबकायला लागली. राजा कळवळून म्हणाला, "अगं, थेंबभरच तर आहे! ती वर उपाशी राहील."

मंदाकिनी खाली उतरली. तिनं राजाचा हात हातात घेतला. "बाबा, गळक्या नळीनं ताई घरी यायची नाही. आजही नाही." असं म्हणून तिनं नळी बदलायला लावली आणि स्वतः हात फिरवून पाहिली.

मग तिसरा दिवस उजाडला. वारा नाही, गळती नाही. अग्निबाण पेटला. आधी डोळे दिपवणारा उजेड, मग कानठळ्या बसवणारा आवाज. किनाऱ्यावरची वाळूसुद्धा थरथरली. अग्निबाण उठला आणि वर, वर, वर गेला. मंदाकिनीच्या छातीवर जणू हत्ती बसला होता. ती हळूहळू श्वास घेत राहिली. खालच्या मजल्यातलं इंधन संपलं, तो सुटून समुद्रात पडला. मग वरचा मजला पेटला. तोही सुटला. आणि एकदम सगळं शांत. तिची वेणी आपली आपणच तरंगायला लागली! तिथं काही खाली पडतच नाही, बरं का.

मग यान आभाळातल्या घरापाशी गेलं. कसं? झोपलेल्या बाळाच्या खोलीत शिरावं तसं, हळूच. दाराला दार लागलं. खट्! सुलक्षणानं दार उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते ओघळेना, तिथंच गोळा होऊन बसलं. मंदाकिनीनं रुमालानं टिपलं आणि म्हणाली, "चल ताई, घरी."

आता खरी कसोटी. आधी यानाचा वेग कमी करायला हवा. मंदाकिनीनं यान उलटं फिरवलं, इंजिन पेटवलं, आणि यान मंदावून खाली यायला लागलं. मग हवेत शिरायचं. सरळ सूर मारला तर कवचसुद्धा पुरत नाही. फार आडवं गेलं तर तळ्यावर चपटा दगड टणाटण उडतो, तसं यान परत वर उडतं. मधली एकच वाट, अरुंद. मंदाकिनीनं तीच धरली. खिडकीत सगळं केशरी झालं. कवच जळत होतं, आणि जळता जळता आगीला मागं ढकलत होतं. आत दोघी बहिणी हात धरून बसल्या होत्या.

त्या आगीतून बोलणंही खाली पोचत नाही. राजा समुद्रात गलबतावर उभा होता. "मंदा! मंदा!" हाका मारत होता. यंत्रातून नुसती खरखर.

प्रधान म्हणाला, "महाराज, इथं असंच होतं. थोडं थांबायचं."

राजा थांबला. काय करतो बिचारा? मग त्या खरखरीतून आवाज आला, "बाबा, भात टाकायला सांगा!"

आता राहिल्या छत्र्या. यानाला हळू खाली उतरवायला तीन मोठ्या छत्र्या होत्या. एक उघडली, दुसरी उघडली, तिसरीच्या मात्र दोऱ्या गुंतल्या.

"मंदा, तिसरी!" सुलक्षणा ओरडली.

"दोन पुरतात, ताई. म्हणून तर तीन बांधल्या."

यान जरा जोरात आपटलं, पण आपटलं पाण्यातच. खलाशांनी दोर टाकून ओढून घेतलं. मंदाकिनी टुणकन बाहेर आली. सुलक्षणाला मात्र उभंच राहता येईना. इतके महिने तरंगत होती ना ती!

"बाबा, हातसुद्धा उचलवत नाही हो," ती म्हणाली. "किती जड झालेय मी!"

राजानं तिला लहानपणीसारखं उचलून घेतलं. "जड नाही झालीस, बाळ. पृथ्वीनं धरलंय तुला."

पुढं सुलक्षणा चालायला लागली, पळायलाही लागली. नव्या कवचाचं यान झालं, आभाळातल्या घरात नवी माणसं गेली, कोळ्यांना वादळं कळत राहिली. राजा, त्याच्या मुली, सगळे सुखात राहिले.

आता तुम्ही डोकं उशीवर टेका. हात सैल सोडा, पाय सैल सोडा. अंग जड वाटतंय? वाटू दे. धरलंय हं पृथ्वीनं. निजा आता.