खाली बघणारी चांगुणा

समुद्रापेक्षा खाली वसलेलं एक गाव होतं. कुठल्या राज्यात, ते विचारू नका. अशी गावं सगळ्याच राज्यांत असतात. या गावाचं नाव खाजणपाडा. एका बाजूला करडी खाडी, दुसऱ्या बाजूला पिवळीधमक भातशेती आणि मधे मातीचा लांबलचक बांध. बांध होता म्हणून भात होतं. भात होतं म्हणून माणसं होती.

बांधाला भोक पडलं तर त्याला खांड म्हणत. आणि गावाची एक रीत होती. "खांड पडली" असं जो बोलेल, त्याच्या तोंडामुळेच ती पडली असं मानायचं आणि त्याला होडीत घालून खाडीतल्या ओसाड बेटावर सोडून यायचं.

म्हणून खाजणपाड्याची माणसं बांधावरून जाताना वर बघत. आया बाळांना चालायला शिकवत तेव्हाच त्यांची हनुवटी उचलून धरत. "वर बघ, सोन्या. ढग बघ. बगळा बघ." खाली खेकडे माती पोखरत, पाणी झिरपे, आणि वरून शहाणीसुरती माणसं बगळे बघत निघून जात. डागडुजी होई, नाही असं नाही. काथोड पाटील बोट दाखवतील तिथं होई. पाटील बोट दाखवत तिथं बांध नेहमीच धडधाकट असे.

चांगुणाच्या बाबानं, नामानं, एकदा खाली बघितलं. खांड दिसली, तशी तो बोलला. गावानं ती खांड गुपचूप बुजवली आणि बाबाला बेटावर सोडलं.

तेव्हापासून झोपडीत दोघीच राहिल्या, चांगुणा आणि तिची आय. आय दुसऱ्यांच्या शेतात राबायची. चांगुणा ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पकडायची. संध्याकाळी बेटावरून धुराची एक बारीकशी रेघ वर जायची. ती दिसली की आय जेवायला बसायची. पाऊसपाण्यात रेघ दिसायची नाही, तेव्हा आय भूक नाही म्हणायची.

कापणीचे दिवस होते. अमावास्येची सकाळ होती आणि आभाळ राखेसारखं झालं होतं. ओहोटी लागली तशी चांगुणा परडी घेऊन तिवरांच्या राईत शिरली. तिथं मुळांमधे तिनं बाबाचं जुनं जाळं लावलं होतं. जाळ्यात काहीतरी चमचम करत होतं.

मासा नव्हता. एक परी होती, चांगुणाच्या तळहाताएवढी. तिचे इवलेसे पंख खंड्या पक्ष्याच्या पंखांसारखे निळेजांभळे होते. झगा होता कोवळ्या तिवराच्या पानाचा, हिरवागार, आणि केसांत शिंपल्यांचे चिमुकले मणी लुकलुकत होते. जाळ्याचे धागे तिच्या पंखांत रुतले होते.

"हलू नकोस गं, पंख फाटतील," चांगुणा म्हणाली.

"मग जाळं फाड," परी कण्हत म्हणाली.

घरात तेवढं एकच जाळं होतं. ते गेलं की निवट्या गेल्या, आणि निवट्या गेल्या की कालवण गेलं. चांगुणानं क्षणभर डोळे मिटले आणि विळ्यानं जाळं उभं कापलं.

परी भुर्रकन उडाली. तिच्या अंगातून सोनेरी कण झरझर सांडले आणि काळ्या चिखलावर चांदण्या पडल्यासारखं दिसलं.

"तुला दोन वर देते, बाळा," ती म्हणाली. "पण माझे नियम ऐकून घे. माणसांनी हातानं बांधलेलं मला दुरुस्त करता येत नाही. माणसांची मनं मला फिरवता येत नाहीत. आणि दिलेला वर परत करायचा तर दुसरा वर खर्ची पडतो."

"माझ्या बाबाला घरी आण," चांगुणा श्वास न घेता म्हणाली.

"आणते. पण उद्या गाव त्याला पुन्हा सोडून येईल. मनं फिरवणं माझ्या हाती नाही."

चांगुणाचा चेहरा एवढुस्सा झाला. "मग राहू दे. गावाचा राग उतरेल तेव्हासाठी तो वर जपून ठेव. हरवू नकोस हं."

"नाही हरवत," परी म्हणाली आणि तिच्या खांद्यावर फुलपाखरासारखी बसली.

घरी निघालेली चांगुणा बांधाशी आली आणि थबकली. बाबाची पोर ती. खाली बघायची खोड तिला होतीच. खाडीच्या बाजूनं बांधाला भगदाड पडलं होतं. तिची परडी सहज आत गेली असती. पलीकडून माती ओली होऊन फुगली होती. आणि आज अमावास्येचं उधाण होतं. दुपारी भरती चढली की पाणी त्या भगदाडापर्यंत येणार होतं. बांधाच्या खालीच गावातली निम्मी माणसं वाकून भात कापत होती. त्यांच्यात आयसुद्धा होती.

 चांगुणाच्या डोळ्यांपुढं बेट दिसलं, होडी दिसली, बाबाला नेलं तेव्हाची आयची तोंडावर दाबलेली पदराची मूठ दिसली.

"परी, हे भोक बुजव ना."

"माणसांनी बांधलेलं आहे, राणी."

"मग..." चांगुणाचे दात वाजत होते. "मग माझी भीती काढून घे. भीती नसली की मी सांगेन. जोरात सांगेन."

 परीनं आपलं गुलाबी बोट चांगुणाच्या पोटाला लावलं. झुळूक यावी तशी भीती निघून गेली.

वा! किती हलकं वाटलं! चांगुणा बांधावर चढली, भगदाडाच्या अगदी वर जाऊन बसली आणि पाय हलवू लागली. खालून माती सुटत होती. ती पडताना डुबुक डुबुक आवाज येत होता. तिला हसू आलं. भरती वर सरकत होती, करड्या पाण्यावर फेसाची पांढरी फुलं नाचत होती. किती छान दिसत होती!

"सांगायचं होतं ना तुला?" परीनं विचारलं.

"सांगू की. घाई काय आहे?"

"पाणी चढतंय."

"चढू दे."

"तुझी आय खाली आहे, चांगुणा."

चांगुणानं बघितलं. बांध फुटला तर पहिलं पाणी आयच्याच अंगावर जाणार, हे तिला नीट कळत होतं. जसं आभाळ राखाडी आहे हे कळत होतं, तसंच.

तेवढ्यात आयनं कंबर सरळ केली आणि हाक मारली, "चांगू! भाकर खायला ये गं!"

रोज ही हाक आली की चांगुणाच्या आत काहीतरी हलायचं. आज हललं नाही. तिनं पोटावर हात ठेवला. तिथं पोकळ होतं, माणसं उठून गेलेल्या घरासारखं.

"इथं काहीतरी होतं," ती हळूच म्हणाली. "भीती होती, ती काढलीस. पण तिच्याबरोबर आणखी काय नेलंस?"

"मी भीतीच नेली, बाळा. तू ज्यांना जपतेस त्यांच्याभोवतीच ती गुंडाळलेली होती. सोडवून घेता आली नाही."

चांगुणा पुष्कळ वेळ पाण्याकडे बघत बसली. आता तिला रडूसुद्धा येत नव्हतं. पण ती पोकळी बरी नाही, एवढं तिच्या डोक्याला कळलं.

"परत दे ती."

"दुसरा वर संपेल. बाबासाठी जपलेला."

"ठाऊक आहे. दे."

आणि भीती परत आली. अशी आली की चांगुणा बांधावर पालथीच पडली. आय! खाली आय आहे! पाणी भगदाडात शिरून बांध आतून खात होतं. किती वेळ वाया गेला होता! ती उठली आणि रडत, धडपडत उतरणीवरून शेतात धावली.

"खांड पडलीय! बांधाला खांड पडलीय!"

विळे थांबले. आणि मग, काय सांगावं, सगळ्यांनी माना वर केल्या. शेतभर माणसं उभी राहून आभाळ बघू लागली.

"कसा ढग आलाय नाही?" एकजण म्हणाला.

"बापाची पोर गं बाई, दुसरं काय!" सुंदराकाकी आभाळाकडे बघतच म्हणाली. "त्याची जीभ हिच्या तोंडात आली."

काथोड पाटील छत्री टेकत आले. "बोललीस? आता होडी काढावी लागणार. एवढीशी पोर, बेटावर कशी राहशील गं?"

"राहीन," चांगुणा म्हणाली.  "पाटीलबाबा, मला सोडा बेटावर. पण आधी एकदा खाली बघा. मग लगेच सोडा."

"बघा, बघा, पाय कसे लटपटताहेत हिचे!" सुंदराकाकी हसली. "खोटं बोलणारा असाच कापतो."

"मी घाबरलेय, काकी!" चांगुणा ओरडली. "खूप घाबरलेय! तुम्ही वाहून जाल म्हणून घाबरलेय. तुमचा तुका, तुमच्या बकऱ्या, सगळी जाल! घाबरले नसते तर तिकडं बसून भाकर खाल्ली असती!"

काकीचं हसू विरलं. तरी मान खाली आली नाही.

तेव्हा चांगुणाची आय पुढं झाली. नवऱ्याला नेलं त्या दिवशी तीही वरच बघत होती. आज तिनं मान खाली केली. तिच्या पावलांशी भाताच्या मुळांतून पाणी येत होतं. तिनं ओंजळीत घेऊन चाखलं. खारट.

"खारं आहे!" आय किंचाळली. "खाडी आत आलीय! पळा! खांड पडलीय, पळा!"

मग सुंदराकाकीनं खाली बघितलं. मग तिच्या शेजारणीनं. "खांड! खांड पडली!" म्हणत माणसं मुलांना काखोटीला मारून गावामागच्या टेकडीकडे धावली. कुणी बकऱ्या ओढल्या, कुणी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं. चांगुणा हाका मारत सगळ्यांच्या मागे राहिली. शेवटी पाटील चिखलात रुतले. चांगुणानं आणि आयनं त्यांचे दोन हात धरून खेचले. पाटीलही ओरडत होते, "खांड! अरे खांड! मला काढा!"

ते टेकडीवर चढले आणि बांध फुटला.

आवाज फार मोठा झाला नाही. जुनं फडकं फाटावं तसा झाला. मग करडं पाणी आत आलं आणि पिवळं भात दिसेनासं झालं. झोपड्यांची छपरं एकेक करून वाकली. कापलेल्या पेंढ्या तरंगत गेल्या. ही जमीन आता कितीतरी पावसाळे खारट राहणार होती.  टेकडीवर लहान मुलं रडायचीसुद्धा थांबली होती.

पहिले बोलले ते पाटील. छत्री हरवली होती, पण रीत हरवली नव्हती. "खांड पडली असं ही पोर बोलली. हिला बेटावर जावं लागेल."

"मीही बोलले," आय म्हणाली. "मलाही धाडा."

सुंदराकाकीनं नाक पुसलं. "मी तर घसा फुटेस्तोवर ओरडले. मलाही धाडा. माझ्या तुकालाही."

"मीही ओरडलो," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि पाटील, तुम्ही?" काकीनं विचारलं. "गुडघाभर चिखलात काय ओरडत होता? आरती म्हणत होता?"

पाटील गुडघ्यांवरचा चिखल पुसू लागले. एवढ्या सगळ्यांना घेऊन जाणारी होडी गावात नव्हती. रीत तिथंच, ओल्या गवतावर, बसून राहिली.

"नामाला आणायला हवं," शेवटी कुणीतरी पुटपुटलं. पण आणणार कसं? होड्या वाहून गेल्या होत्या. बेटाभोवती गढूळ पाणी फेसाळत होतं आणि आज तिकडं धूरही दिसत नव्हता.

तेव्हा परी चांगुणाच्या खांद्यावरून उठली. आता ती सगळ्यांना दिसली.

"माझे वर संपले," चांगुणा म्हणाली. "मी मागत नाही."

"मागितलं नाहीस, म्हणूनच हे मला माझ्या मनानं देता येतं," परी म्हणाली. "ऐक, बाळा. भीती नसलेल्या तुला मी बांधावर पाय हलवत बसलेलं पाहिलं. आणि कापत कापत धावतानाही पाहिलं. धाडस कुणाचं होतं, ते तू कधी विसरू नकोस."

तिनं पंख पसरले. निळे, जांभळे, हिरवे, सोनेरी असे कण तिच्यातून झरू लागले आणि पाण्यावर उतरत गेले. टेकडीच्या पायथ्यापासून बेटापर्यंत गढूळ पाण्यावर एक झळझळीत वाट उमटली. त्या वाटेवर लाटा निजल्या. परी प्रत्येक कणाबरोबर थोडी थोडी लहान होत गेली.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला एक ठिपका दिसला. बेटावरून बांध फुटताना बघून कुणीतरी ओंडक्यावर आडवं पडून केव्हाच स्वतःला पाण्यात झोकून दिलं होतं. ते लाटांशी झगडत होतं. आता उजेडाची वाट त्याच्या खाली आली.

बाबा किनाऱ्याला लागला तेव्हा त्याची दाढी छातीपर्यंत आली होती आणि हाडं मोजता येत होती. त्यानं चांगुणाला ओळखलं नाही. ती तेवढी वाढली होती. जो पहिला माणूस दिसला त्याचा हात धरून त्यानं विचारलं, "कितीजण गेले?"

तो हात काथोड पाटलांचा होता.

"कुणी नाही, नामा," पाटील म्हणाले. "तुझ्या पोरीनं..." आणि त्यांनी चांगुणाला पुढं केलं.

बाबा मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. चांगुणा त्याच्या ओल्या कुशीत शिरली. आय दोघांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. पाण्यावर शेवटचा सोनेरी कण एकदा लख्ख उजळला. बुडालेलं सगळं गाव, छपरं, शेतं, फुटका बांध, त्या प्रकाशात स्पष्ट दिसलं. मग परी नव्हती.