क्षणभर उभा गहू

पडलेलं पीक गढीचं, आणि का ते विचारायचं नाही!

कालिंदीला हा नियम पाटी-पेन्सिलीच्या वयापासून पाठ होता. वादळाने धान्य आडवं झालं, की मोहटवाडीतला शेतकरी ते कापून गढीच्या गोठ्यात नेऊन टाकायचा. फत्तेसिंगरावांच्या घराण्याची जहागिरी कधीच बुडाली होती. तरी गावातली म्हातारी मंडळी त्यांना 'सरकार' म्हणत आणि त्यांच्या म्हशींना दाण्यासकट गहू चारत. वर पुन्हा हात जोडत!

यंदा ऐन सोंगणीच्या तोंडावर वादळ आलं आणि कालिंदीच्या वडिलांचा, यादवनानांचा, दोन एकर पिकलेला गहू सपाट झाला. घरात वर्षभर खायचा गहू तेवढाच. नानांनी निमूटपणे गढीसाठी विळा उचलला. शेतकी अवजारांचं शिक्षण पुरं करून नुकतीच घरी आलेली कालिंदी म्हणाली, "नाना, ठेवा तो खाली!" आणि तडक पारावर गेली. तिथे फत्तेसिंगराव पान चघळत बसले होते आणि भोवती पंच माना हलवत होते.

"सरकार, म्हशींना वैरण कमी पडली का?"

"रीत आहे ती," म्हातारे दाजीबा पंच खेकसले.

"कुणी घातली?"

"वाडवडलांनी!"

"का घातली?"

"विचारायचं नसतं!"

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही. मग एवढ्या वर्षांत मिशा तेवढ्या पिकवल्यात का, दाजीबा?"

दाजीबांना ठसका लागला. फत्तेसिंगरावांनी पिंक टाकली.

"पोरी, उभं असतं ते पीक. आडवं झालं की ती वैरण. तुझा गहू उभा करून दाखव! हात लावायचा नाही, काठीचा टेकू नाही, दोरी नाही. तो उभा राहिलेला मी या डोळ्यांनी पाहिला, तर तुझा. नाही तर तूच डोक्यावरून गोठ्यात आणून टाकायचा."

"किती वेळ उभा राहायला हवा?"

सगळा पार हसला. "किती वेळ म्हणे! अगं, क्षणभर उभा कर! तेवढ्यावर मी हरलो!"

"सगळ्यांनी ऐकलं ना? मग तुमचं हार्वेस्टर लागेल मला."

"ने की! पडलेल्या गव्हात ते नुसती माती चाटतं. चार दिवस दिले तुला!"

हार्वेस्टर चालवणारा इस्माईल वेल्डिंगही करायचा. कालिंदीने कागदावर आकृती काढली आणि दोघांनी मोडक्या दंताळ्यांचं लोखंड तापवून, वाकवून, जोडून हातभर लांबीची बोटं घडवली. टोक जमिनीवर घसरत जाणारं, पाठ मागे चढत जाणारी. अशी बोटं त्यांनी हार्वेस्टरच्या पात्यापुढे ओळीने बसवली.

"हे काय, कंगवा?" दाजीबा येऊन विचारून गेले. "गव्हाची वेणी घालणार?"

"आधी गुंता तर सोडवू!" कालिंदी म्हणाली.

चौथ्या दिवशी अख्खा गाव बांधावर. इस्माईलने यंत्र रानात घातलं. वीस पावलं गेलं असेल नसेल, मागे निम्म्या ओंब्या तशाच मातीत!

"चाटली माती! चाटली!" पंचांनी टाळ्या पिटल्या.

कालिंदी धावत गेली. "इस्माईलभाई, या बाजूने कुणी घालायला सांगितलं?"

"पंचांनी. म्हणाले, पहिली पात देवळाकडूनच धरायची."

"वारा देवळात विचारून आला होता का? तो देवळाकडून आला, म्हणून गहू ओढ्याकडे डोकी करून पडलाय. आपण मुळांकडून शिरतोय! ओढ्याकडून चला. बोटं आधी ओंब्यांखाली जाऊ द्या."

मग ती फत्तेसिंगरावांकडे वळली. "या डोळ्यांनी बघणार होतात ना? चढा वर!"

दोघांनी खालून रेटलं, तेव्हा कुठे सरकार शिडी चढून इस्माईलशेजारी टेकले. यंत्र ओढ्याकडून निघालं. बोटं जमिनीवरून घसरत ओंब्यांखाली शिरली. मातीला चिकटलेला गहू त्यांच्या पाठीवरून सरसर वर चढला, पात्यासमोर ताठ उभा राहिला आणि खचकन कापला गेला!

"दिसला?" शेजारून धावत कालिंदी ओरडली.

"दिसला... अन् गेलासुद्धा!"

"क्षणभराचंच ठरलं होतं, सरकार!"

फत्तेसिंगराव आधी लाल झाले. मग पुढचा गहू उठला, त्यापुढचा उठला, मागच्या टाकीत दाणे खडखडू लागले, आणि त्यांना जे हसू फुटलं ते शेताला चार फेऱ्या होईतो थांबेना. खाली उतरले ते डोळे पुसतच.

"हरलो! आजपासून यादवाच्या घरचं पडलेलं पीक यादवाचंच! जा, दिलं बक्षीस!"

"पाया पड, पोरी! पाया पड!" पंच चहूकडून कुजबुजले. नाना तर वाकलेच होते. कालिंदीने त्यांना दंडाला धरून सरळ केलं.

"फक्त आमच्या घरचं?"

"मग काय साऱ्या गावाचं?"

"तर नको मला बक्षीस." ती पाना घेऊन यंत्रापाशी बसली आणि पहिलं बोट सोडवू लागली. "यंत्र तुमचं, बोटं माझी. तुमचाही वीस एकर गहू लोळलाय, सरकार. तो काढायला ही बोटं हवी असतील, तर आधी दाजीबांचं रान, मग ज्याचं ज्याचं पडलंय त्याचं, आणि शेवटी गढीचं. दाणे ज्याचे त्याच्या घरी."

"आणि हे असं का म्हणे?" दाजीबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

कालिंदीने मान वर केली. "का, ते विचारायचं नाही!"

फत्तेसिंगरावांना पुन्हा हसू फुटलं. "इस्माईल," ते म्हणाले, "यंत्र दाजीबाच्या रानाकडे वळव."

दाजीबांनी एकदा आपल्या लोळलेल्या गव्हाकडे पाहिलं, एकदा तिच्या हातातल्या पान्याकडे, आणि यंत्राला वाट दाखवायला स्वतःच पुढे निघाले.