ऐनघळची दचक

ऐनघळ गावात घळाईच्या देवळासमोर दोन जांभ्या दगडांवर एक प्रचंड ओंडका आडवा ठेवलेला आहे. ऐनाच्या झाडाचा, काळपट, वरच्या अंगाला तासून सपाट केलेला. त्याच्या माथ्यावर, मधोमध नव्हे, जरा घाटाच्या अंगाला, एक मोठं भोक आहे, आणि भोकाशेजारी पटाशी घसरून पडलेली एक खोक. नखाच्या कोरीएवढी. येणारा-जाणारा तिच्यातून बोट फिरवतो, त्यामुळे तिची कड लोण्यासारखी मऊ झाली आहे.

गाव सुतारांचं. इथल्या काठवटी, पोळपाट, भात वाढायच्या डवल्या, शिरवाळ्यांचे साचे, पाट, चौरंग, झोपाळे दूरवर जातात. फणस, शिसव, खैर, ऐन, जे लाकूड असेल ते. पण वस्तू उलटी केली की तळाला तीच कोर सापडणारच. तिला इथे 'दचक' म्हणतात. शहरातलं एखादं गिऱ्हाईक नाक मुरडतं, "अहो, हा पीस जरा खराब झालाय." त्यावर दुकानातली बाई पदराला हात पुसत शांतपणे सांगते, "मग गुळगुळीत हवो तर दुसऱ्या गावचो बघा."

दचक का, ते विचारायचं तर देवळापाशी बाबल मेस्त्रींना. नव्वदीला टेकलेले आहेत, पण सांगताना आवाज हलत नाही. आधी ओंडक्याला हात लावून नमस्कार करायला लावतात, मग पायरीवर बसवतात, आणि सांगतात ते असं.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तेव्हा घळाईची पालखी शिमग्याला घळ ओलांडून पलीकडच्या गावी, तिच्या धाकट्या बहिणीला भेटायला जायची. घळ म्हणजे खाली बघवत नाही अशी. दगड टाकला तर पडल्याचा आवाज यायच्या आत माणूस दुसरं काहीतरी बोलून मोकळा होतो. तिच्यावर एका झाडाचा साकव, म्हणजे लाकडी पूल, होता. त्या वर्षी आषाढात दरड कोसळून तो गेला. साकव घालण्याचा मान ऐनघळच्या सुतारांचा, आणि सुतारांचा म्होरक्या विसराम मेस्त्री. त्याने देवीपुढे नारळ ठेवून शब्द दिला, "शिमग्याक आई माझ्या लाकडावरून पलीकडे जायत. न गेली तर ह्या गावात कोण सुतार हत्यार धरूचो नाय." शब्द त्याने एकट्याने दिला, पण बांधला गेला सगळा गाव.

ह्या विसरामच्या घरात येसू सून म्हणून आली होती. पालखीचा पुढचा दांडा धरायचा मान तिच्या नवऱ्याचा, धाकूचा.

येसूचं एकच दुखणं होतं. ती दचकायची. मांजराने उडी मारली, दचकली. नारळ पडला, दचकली. चुलीत ओलं लाकूड फुटलं की हातातला तवा सुटलाच. दचकली की नुसती दचकायची नाही, ओरडायची. आणि घर सुताराचं! दिवसभर ठोकाठोक. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "येसू, मुंगी शिंकली तरी उडतंस गो!" ती हसायची, आणि हसता हसता मागे वळून बघायची, कुणी आलं तर नाही ना.

एकदा विसराम शिसवीची काठवट कोरत होता. मोठ्या घरच्या लग्नातली, शेवटचा हात चालला होता. येसू पाणी घेऊन आली आणि मधेच किंचाळली. पटाशी घसरली, काठवटीवर खोक पडली. तेव्हापासून तिला ताकीद मिळाली, हत्यार लाकडावर असेल तेव्हा हिने कामाच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही. ती खोकेची काठवट घरातच राहिली. येसू रोज तिच्यात भाकरीचं पीठ मळायची, आणि रोज तिचा अंगठा त्या खोकेवरून जायचा. खरं सांगायचं तर त्या दिवशी ती कशाला ओरडली, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. एवढंच आठवत होतं, की ठोकताना एक घाव बाकीच्यांसारखा वाजला नव्हता. पुढे उन्हाळ्यात काठवट तिथूनच तडकली. पण सुनेला असलं कोण विचारतं, आणि विचारलं तरी ती सांगणार कुठल्या तोंडाने?

पावसाळा सरल्यावर साकवासाठी रानातला सगळ्यात जुना ऐन निवडला. सुतारांचा रिवाज असा, की झाड काळोख्या पंधरवड्यात तोडायचं. चांदण्यात तोडलेल्या लाकडाला कीड धरते. विसराम अवसेची वाट बघत होता. गावकार, म्हणजे गावाचा मुख्य मानकरी, रोज दारात यायचा. "मेस्त्री, लाकूड सुकाक होया, दिवस कमी आसत. चंद्र बघून साकव होता काय?" शेवटी विसरामने भर चांदण्यात कुऱ्हाड घातली. त्या दिवसापासून जेवताना त्याचं लक्ष पानात नसायचं.

झाड तासलं, सपाट केलं, दोन माणसं खांद्याला खांदा लावून जातील असा साकव झाला. दोर लावून सगळ्या गावाने तो घळीवर चढवला. शिमग्याचा दिवस उजाडला. पालखी सजून देवळाबाहेर उभी, ढोल तापवलेले, धाकूने कमरेला शेला बांधलेला. कठड्याच्या शेवटच्या खांबासाठी एक खाच मारायची तेवढी राहिली होती. विसराम साकवावर गुडघे टेकून बसला आणि मोगरी उचलली.

येसू गर्दीच्या मागे, करवंदीच्या जाळीजवळ उभी होती. ताकदीने पदर तोंडात कोंबला होता. आज आपल्या तोंडातून आवाज निघायचा नाही, एवढंच ती देवीला मागत होती. ठण. ठण. ठण. लाकूड खणखणीत बोलत होतं. मग एक घाव पडला, आणि लाकूड गप्प राहिलं.

येसू किंचाळली.

पटाशी सटकली आणि तासून आरशासारख्या केलेल्या माथ्यावर कोर उमटली. ढोलावरचे हात थांबले. सासू तिथूनच ओरडली, "काठवट पुराक नाय, आता देवीचो साकव बाटवलंस!" कुणी म्हणालं अपशकुन, कुणी म्हणालं नारळ फोडा आणि चला पुढे. धाकू मान खाली घालून उभा. येसूला वाटलं, घळीने आपल्याला पोटात घ्यावं.

विसराम उठला. मोगरी तशीच मुठीत होती. सगळ्यांना वाटलं, आता हात उगारतो. पण तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "कशाक दचाकलंस?"

"मामंजी," येसूने तोंडातला पदर काढला, "लाकडान ओ दिली नाय."

विसरामला तडकलेली काठवट आठवली. मग सगळ्यांसमोर, म्हणे, त्याने ती गोष्ट बोलून दाखवली जी सुतार कधी बोलत नाही. "माझे कान ठोकून ठोकून गेले, पोरी. तुझे आसत. पाठ फिरव. डोळे मिट."

ती पाठ करून उभी राहिली. विसराम साकवाच्या अलीकडच्या टोकापासून मोगरीने ठोकत निघाला. ठोक्यागणिक एक पाऊल. गर्दीतल्या कुणालाच काही फरक ऐकू येत नव्हता. खाचेपाशी आला, ठोकलं, आणि येसूचे खांदे उडाले. विसरामने कोळशाने खूण केली. मग तो पलीकडच्या टोकाला गेला आणि उलट ठोकत आला. खुणेपाशी पोचला, आणि खांदे पुन्हा उडाले. तीच जागा. वीतभरही इकडे-तिकडे नाही.

गावकार पुढे आला. "मेस्त्र्यांनू, एका बाईच्या किंकाळीवर देवीची वाट अडवतलास? साकव फोडलात तर आज पालखी जाणा नाय. मग तुमचो शब्द? उद्यापासून तुमचे हात बांधलेले!"

"हात बांधलेले चलतील," विसराम म्हणाला. "खांदे मोडलेले नकोत."

असं म्हणून त्याने खुणेवर पटाशी ठेवली आणि पुऱ्या ताकदीने हाणली. वरची चार बोटं लाकूड पोलादासारखं. त्याखाली पटाशी दांड्यापर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा भोकातून पिवळा भुसा वाहायला लागला, धान्याच्या पोत्याला भोक पडावं तसा. वाऱ्याने तो घळीत उडत गेला. चांदण्याच्या किड्याने तिथला आतला सगळा गाभा खाल्ला होता. पालखी आणि तिच्याखालची माणसं त्या जागी आली असती, की झालं असतं. सासूने पुढे होऊन येसूच्या मुठीतला पदर सोडवला आणि त्याच पदराने स्वतःचे डोळे पुसले.

पण पालखी उभीच होती, आणि सूर्य कलायला लागला होता.

तेव्हा विसराम आपल्या घराकडे चालू लागला. त्याच्या घराच्या दोन तुळया त्याच्या आजाने तासलेल्या होत्या, काळ्याभोर शिसवीच्या. त्याने कौलं उतरवली आणि तुळया खाली घेतल्या. घर बसलं. ते बघून पहिल्या सुताराने आपलं दार बिजागरीतून काढून खांद्यावर घेतलं. मग दुसऱ्याने. कुणी झोपाळ्याची फळी आणली, कुणी माच्याचे पाट, एका म्हातारीने तर आपला लग्नातला चौरंग आणला. सगळं देवळापुढे रचलं गेलं आणि येसू मधे उभी. विसराम एकेक वस्तू ठोकायचा. ती उडाली की वस्तू बाजूला. नाही उडाली की नव्या साकवासाठी. जन्मात पहिल्यांदा सगळा गाव तिच्या दचकण्याची वाट बघत होता, आणि पहिल्यांदाच तिला दचकायची लाज वाटली नाही.

सूर्य टेकायच्या आत पोखरलेला ऐन दोरांनी ओढून देवळासमोर आणला आणि त्याच्या जागी दोन तुळयांवर गावाची दारं अंथरून साकव उभा राहिला. धाकूने पुढचा दांडा खांद्यावर घेतला. पहिलं पाऊल टाकण्याआधी त्याने मागे वळून येसूकडे पाहिलं. ती कान देऊन उभी होती. तिने मान हलवली. पालखी गेली. फळी करकरली नाही. पलीकडच्या काठावर ढोल वाजला तेव्हाच अलीकडे लोकांनी श्वास सोडला.

त्या रात्री ऐनघळात एकाही घराला दार नव्हतं, आणि कुणाची डवलीसुद्धा गेली नाही, असं सांगतात. विसरामने पुढे नेम घालून दिला: घरातल्या बाईने ठोकून ऐकल्याशिवाय वस्तू मांडवाबाहेर जायची नाही, आणि ऐकून झालं की तळाला पटाशीची एक कोर मारायची. कुणीतरी कान लावला आहे, ह्याची ती खूण.

एवढं सांगून बाबल मेस्त्री थांबतात, आणि पाहुण्यांच्या हातातली काठवट मागून घेऊन टिचकी मारतात.

घळीवर आता सिमेंटचा पूल आहे. पण आजही शिमग्याच्या रात्री ऐनघळात कुणी दाराला कडी घालत नाही. आणि आजही नवी सून माप ओलांडून घरात आली, की तिच्या नकळत मागून कुणीतरी उलट्या काठवटीवर मोगरी हाणतं. पोरगी दचकून किंचाळते. सगळं घर हसायला लागतं, ती बिचारी लाजेने लाल होते, आणि सासरा पुढे होऊन, छाती भरून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडतो, "आमच्या घराक कान इलो रे!"