मलिद्याची मूठ

"वडिलांनी एक ओळ लिहून ठेवली असती, तर आज ही वेळ आली असती का, बाबा?"

महालिंगशेठ गुळाचे व्यापारी. ढेपेला टिचकी मारून गुळाचं गाव सांगणारा माणूस. पण वडील गेले आणि त्यांची झोप उडाली. टेकडीवरच्या दर्ग्यात ते लतीफबाबांपुढे बसले होते. तेही फरशीवर रुमाल अंथरून.

बाबा परातीत गूळ-तूप घालून मलिदा कालवत होते. "कसली वेळ?"

"आप्पांनी मृत्युपत्र केलं नाही. दुकान, गोदाम, सगळं त्यांनीच कमावलेलं, त्यांच्याच नावावर. वकील म्हणतो, आता आई, मी आणि नीलाक्का... तिघांना सारखं! आक्का लग्न करून गेली, गादीवर घाम मी गाळला."

"मग?"

शेठनी खिशातून कागद काढला. "हक्कसोडपत्र. आक्का उद्या सहीला येतेय. आशीर्वाद असू द्या."

"तिला काय देणार?"

"इरकल घेतलीय. रेशमी काठाची."

"गोदामाला एक लुगडं..." बाबा हसले. "बापापेक्षा पक्का निघालास की!"

"थट्टा नको, बाबा. आप्पांच्या मनात मीच होतो. लिहायचं विसरले, एवढंच."

"विसरभोळे होते?"

"आप्पा? छे! कुलूप लावून निम्म्या वाटेवरनं परत यायचे, ओढून बघायला. ते कसले विसरतात..."

शेठनी कागद मांडीवर ठेवला.

बाबा उठले. आजूबाजूला बसलेल्यांच्या हातावर मलिद्याची एकेक मूठ ठेवत गेले. फुलवाला, टांगेवाला, शेठ... कुणाशी चकार शब्द नाही. शेवटच्या बाईला मात्र दोन मुठी दिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचं लेकरू तापानं फणफणलंय. म्हणून हिला जास्त."

शेठ हातातल्या मुठीकडे बघत राहिले.

"बाबा... आम्हाला देताना काहीच बोलला नाहीत?"

"सारखं देताना काय बोलायचं?"

शेठनी मलिदा खाल्ला. सावकाश, चवीनं. मग हक्कसोडपत्राला तुपाची बोटं नीट पुसली. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं हसू आलं.

"पण आक्का विचारेल ना, असं एकाएकी काय झालं? तिला काय सांगू?"

बाबांनी रिकामी परात पालथी घातली.

"आप्पा कुठं काय बोलले होते, बेटा?"