घाटापलीकडचा शिष्य

“पण ढग तुमच्याच दारात का रिकामे होतात, बुवा?”

अवधूतबुवा चुलीवर टोपली उपडी घालून तिच्यावर पंचा वाळवत होते. मठ ऐन घाटमाथ्यावर. आषाढापासून ऊन असं पडलंच नव्हतं, पंचाला कुबट वास येत होता.

“डोंगर अडवतो त्यांना,” बुवा म्हणाले. “इकडे ओतून मोकळे होतात. पलीकडे पोचतो तो नुसता वारा.”

“हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे!” मार्तंड उखडला.

हा बुवांचा सगळ्यात हुशार शिष्य, आणि ते त्याला जरा लवकरच कळलेलं. बुवांनीच त्याला घाटापलीकडे, माणदेशात मठ चालवायला धाडलं होतं.

“उपास केले, अनुष्ठानं केली. ढग यायचे, सावली टाकायचे आणि चालू पडायचे... गावाला काय तोंड दाखवू?”

“गाव काय म्हणतं?”

“काही म्हणत नाही हो, तेच सोसवत नाही! रोज येऊन बसतात. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघतात... दमलो मी, बुवा. मठाला कुलूप घालून आलोय. इथंच राहू द्या.”

बुवांनी उसासा टाकला.

“इथले लोक मला पाऊस थांबवायला सांगतात रे. परवा खालच्या आळीत घर खचलं... मीही दमलोय.”

“मग दोघं मिळून दमू. पण परत पाठवू नका.”

बुवा पानं मांडायला उठले.

“आधी जेव. मग बघू.”

भात-आमटी झाली. बुवांनी हात धुवायला तांब्या पुढे केला. मार्तंडानं परात ओढली, तिच्यातच हात धुतले आणि ती दोन्ही हातांनी उचलून बाहेर निघाला.

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. अंगणात घोटाभर पाणी. वरून परातही भरत चाललेली. पण पठ्ठ्या सांभाळून चालत जास्वंदीपाशी गेला, वाकला, आणि ते पाणी हळूच तिच्या बुंध्याशी ओतलं. शेवटचा थेंब निथळेपर्यंत परात तिरकी धरून उभा राहिला.

चिंब होऊन परतला, तर बुवा दारातच उभे.

मार्तंड हातातल्या परातीकडे बघत राहिला.

बुवांनी आपली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली.

“उजाडलं की नीघ, मार्तंडा. पाणी जपणाऱ्या माणसाचं इथं काय काम?”